वहीत नसलेलं स्टेशन

माझं माहेर वडिवळ्याचं. कामशेतजवळ, नाणे मावळातलं गाव. अब्बा रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. रोज पहाटे खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि झेंड्या घेऊन आपल्या वाट्याच्या रुळांवरून चालत जायचं. सैल झालेली चावी ठोकून बसवायची, नटबोल्ट आवळायचे, रुळाला तडा दिसला तर गाडी थांबवायची. कामशेत ते मळवलीच्या पट्ट्यात ऊन-पावसात त्यांनी हेच केलं आणि २०१४ला निवृत्त झाले. आमच्या घरात दोनच वेळापत्रकं होती, एक नमाजाचं आणि दुसरं गाड्यांचं. सकाळी डेक्कन क्वीन धडधडत गेली की अम्मी भाकरीचा तवा ठेवायची.

अशा घरात वाढलेली मुलगी कशी होणार? मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, लोकलने जाते-येते. पुणे-लोणावळा लोकलचं गणित ज्यांना माहीत आहे त्यांना माझं दुःख कळेल. दुपारी एक गाडी चुकली की पुढची कधी, ते विचारू नका. बीएडला पाठाचं टाचण काढायची जी सवय लागली ती संसारातही राहिली. लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, माझ्या पर्समध्ये एक वही असते. निघायची वेळ, पोहोचायची वेळ, डब्यात काय, कोणाचं औषध कुठल्या कप्प्यात.

आमचे हे नेमके उलटे. मनात आलं की चप्पल पायात. एका डिसेंबरात रात्री नऊला म्हणाले, "चला, गोव्याला." कुठे राहायचं, काही ठरलेलं नाही. नाताळाची गर्दी, पणजीत एकही खोली मिळाली नाही. दोन लहान पोरांना घेऊन आम्ही रात्र गाडीत काढली, धाकट्याला ताप भरला. पण हे आजही ती सहल रंगवून सांगतात आणि ऐकणारे हसतात. मीही हसते. फक्त त्या रात्री दुधाची बाटली, तापाचं औषध आणि जादा दुपटी निघाली ती माझ्या पिशवीतून, हे गोष्टीत येत नाही. पुष्कळ घरांत असंच असतं. मनात येईल तसं निघणारा माणूस एक आणि डबे भरून देणारी बाई दुसरी. बिनधास्तपणाची वाहवा पहिल्याला मिळते.

वर्गात प्रवासवर्णन शिकवताना मी मुलांना दोघांची हकीकत सांगते. एक इब्ने बतूता. १३२५ साली, विशी नुकती ओलांडलेली असताना, हजच्या इराद्याने तो मोरोक्कोतल्या तांजियरहून एकटा निघाला आणि मायदेशी परतला १३४९ला. मधल्या काळात दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबाद-नंदुरबारवरून गेला. कालिकतला तर त्याचं सामान आणि नजराणे जहाजावर चढले होते, तो जुम्याच्या नमाजासाठी मागे किनाऱ्यावर राहिला. वादळ आलं, एक जहाज फुटलं, दुसरं त्याला न घेताच गेलं. दुसरे विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे. घरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ला उत्तरेला निघाले, कारण बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार, असा साधा हिशेब होता. वाटेत बंड पेटलं. झाशी पडली तेव्हा हे भिक्षुक झाशीतच. घरी आले ते गंगेची कावड घेऊन, दक्षिणा वाटेत लुटली गेली होती. त्यांचा 'माझा प्रवास' छापून आला १९०७ला. मुलं विचारतात, "मग टीचर, ठरवून काय उपयोग?" मी उत्तर देते की दोघांचीही निघण्याची तयारी होती आणि दोघांनाही कुठे जायचं ते माहीत होतं. हे उत्तर मी वर्षानुवर्षं दिलं. त्यातलं किती मला स्वतःला कळलं होतं, ते मला मदिन्यात समजलं.

त्याआधीचं सांगायला हवं. अब्बा आणि अम्मींनी हजसाठी कितीतरी वर्षं पैसे साठवले. निवृत्तीचा फंड आला, भावाचं लग्न झालं, घराचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब पडला, आणि मग २०२०च्या हजचा फॉर्म भरला. कुर्‍यात नाव निघालं. अब्बांनी एक डायरी केली. कुठली दुआ कुठे, चपला कशा ठेवायच्या, मिनामध्ये किती दिवस, सगळं उर्दूत, त्यांच्या एकसारख्या अक्षरात. अम्मींनी इहरामचं कापड धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. मग करोना आला. २२ जूनला सौदी सरकारने जाहीर केलं की यंदा बाहेरच्या देशांतून कोणी येणार नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याकडेही तेच जाहीर झालं, आणि भरलेले पैसे परत मिळाले. मी फोन केला तेव्हा अब्बा फक्त "बरं" म्हणाले. रागाचं नाही, दुःखाचंही नाही. गाडी दोन तास उशिरा आहे असं कोणी सांगितल्यावर म्हणावं तसं.

पुढच्या एप्रिलमध्ये अम्मी गेल्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

२०२२ला हज पुन्हा सुरू झाला तो ६५ वर्षांच्या आतल्यांसाठीच. अब्बा ६८चे. पुढच्या वर्षी ती अट गेली, पण तोवर अब्बांच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते आणि गुडघ्यांनी दगा दिला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हजच्या गर्दीत नको, उमरा करून या. म्हणून २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन गेले. आम्ही दोघंच. हे घरी मुलांजवळ थांबले. (मला वाटतं, माझी वही पाहूनच थांबले.)

वहीची मला लाज वाटत नाही, हे आधी सांगते. सत्तरीला टेकलेल्या, रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या माणसाला परदेशात नेताना सगळं 'होईल ते होईल' म्हणणं याला तवक्कल म्हणत नाहीत. उंट आधी बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ असते. गोळ्या दोन ठिकाणी विभागल्या, एक भाग माझ्या पर्समध्ये आणि एक त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात. डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्टच्या प्रती, हॉटेलचं नाव अरबीत लिहिलेलं कार्ड त्यांच्या गळ्यात. मस्जिद-ए-नबवीत रियाजुल जन्नामध्ये नमाजासाठी आता मोबाइलवरच्या नुसुक ॲपवरून वेळ घ्यावी लागते, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. ती वेळ कित्येक रात्री जागून मिळवली. मदिन्याहून मक्क्याला जाण्यासाठी हरमैन रेल्वेची तिकिटं काढली. रेल्वेच्या माणसाला बसने कशाला न्यायचं?

इथवर सगळं ठीक होतं. माझी चूक पुढे झाली. उरलेले तासही मी भरून टाकले. किती वाजता उठायचं, किती वाजता चहा, किती वाजता आराम. वहीत एक ओळ कोरी राहिली की मला ती वाया गेल्यासारखी वाटायची.

मदिन्यातल्या तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टॅक्सीने जियारतीला निघालो. उहुद, मस्जिद-ए-किबलतैन, शेवटी कुबा. टॅक्सीवाला पेशावरकडचा, उर्दू बोलणारा. परतताना अंबरियाच्या बाजूने गाडी आली आणि अब्बा खिडकीशी एकदम पुढे वाकले. काळपट दगडाची, कमानींची लांबट जुनी इमारत होती. टॅक्सीवाला म्हणाला, "चाचा, ये तुर्कों का रेलवे स्टेशन है. अब म्यूझियम है."

अब्बा माझ्याकडे वळले. "बेटा, पाच मिनिटं थांबू या का?"

मी वही पाहिली. पावणेअकराला आराम, मग जुहर, जेवण, आणि साडेतीनला त्यांची रियाजुल जन्नाची वेळ. "नको अब्बा, दमाल. वेळ चुकली तर परत मिळायची नाही."

"बरं," अब्बा म्हणाले.

वेळ होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पाऊण तास सहज होता.

दुपारी ते आत गेले. मी बाहेर छत्र्यांच्या सावलीत बसून राहिले, त्यांच्या गळ्यातलं कार्ड, गोळ्या, गर्दी यांचा विचार करत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा धुतल्यासारखा. मला वाटलं, माझं काम झालं. पण रात्री झोप येईना. ते "बरं" कानात वाजत राहिलं. मला ते ओळखीचं वाटत होतं. कुठे ऐकलंय, कुठे ऐकलंय, असं करत आठवलं, जून २०२०चा फोन.

सकाळी दहाच्या सुमाराला मक्क्याची गाडी होती. वहीप्रमाणे फजरनंतर झोप, मग नाश्ता. बॅगा मी रात्रीच भरून दाराशी लावल्या होत्या, अब्बांच्या इहरामची घडी वर ठेवली होती. फजर पढून बाहेर आलो आणि हॉटेलच्या व्हीलचेअरची दिशा मी उलटी केली. अब्बांनी विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "चला."

हरमपासून ते स्टेशन साधारण एक किलोमीटर. रस्ते धुतलेले होते, दुकानं उघडत होती. एका ठिकाणी गरम रोटी दिसली, ती घेतली, वहीत नव्हती. पोहोचलो तर फाटक बंद. इतक्या सकाळी कोण उघडणार? मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. पण अब्बा खुर्चीतून उतरले, कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. आत रुळाचा तुकडा आणि जुना डबा दिसत होता. बराच वेळ पाहून म्हणाले, "आपल्यापेक्षा अरुंद आहे. मीटर गेजच्या जवळपास."

मी मोबाइलवर शोधलं. बरोबर होतं. १०५० मिलिमीटर. आपली मोठी लाइन १६७६. सुलतान अब्दुल हमीद यांच्या हुकमाने १९००ला या हिजाज रेल्वेचं काम निघालं आणि १९०८ला दमास्कसहून मदिन्यापर्यंत सुमारे १३०० किलोमीटरवर गाडी धावली. उंटांच्या काफिल्याला चाळीसेक दिवस लागायचे तो प्रवास काही दिवसांवर आला. खर्चासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, हिंदुस्थानातूनही पुष्कळ गेली. बेत मक्क्यापर्यंत नेण्याचा होता, पण रूळ मदिन्याच्या पुढे कधी गेलेच नाहीत. पहिल्या महायुद्धात लोहमार्ग जागोजागी उखडला गेला, आणि ज्या स्टेशनातून हाजी उतरायचे तिथे आता लोक जुनी इंजिनं बघतात.

हे सगळं मी वाचून दाखवलं. अब्बा कठड्यावर बसले, रोटीचा अर्धा भाग मला दिला. शेजारच्या उस्मानी मशिदीच्या घुमटांवर ऊन आलं होतं. आणि मग, मी काही विचारलेलं नसताना, ते बोलायला लागले.

"हज रद्द झाला ना, त्या पावसाळ्यात तुझ्या अम्मीने मला एकच गोष्ट मागितली. म्हणाली, मक्का नाही तर नाही, निदान आपल्या धरणावर तरी जाऊन येऊ. वडिवळ्याचं धरण भरून वाहतंय म्हणतात. लग्न झाल्यावर तू नेलं होतंस, त्यानंतर कधी नेलं नाहीस."

घरापासून धरण रिक्षाने अर्ध्या तासाचंही नाही.

"मी म्हटलं, पाऊस ओसरू दे. मग म्हटलं, करोना जाऊ दे. मग थंडी. म्हटलं, नीट ठरवून जाऊ, तुझ्या भावाला गाडी काढायला सांगू, डबा घेऊन जाऊ." ते थांबले. "चाळीस वर्षं रुळांवर चाललो. चावी सैल दिसली की तिथल्या तिथे ठोकायची, उद्यावर टाकायची नाही, हे मी पोरांना शिकवायचो."

मी काय बोलणार होते? अम्मीसारख्या बाईने आयुष्यात किती गोष्टी मागितल्या असतील, आणि त्यातली शेवटची ही. अडीच वर्षं ते हे मनात ठेवून होते. आम्ही रोज एकत्र जेवलो होतो, दवाखान्याच्या रांगेत तासन्‌तास बसलो होतो, विमानात पाच तास शेजारी होतो. पण त्या प्रत्येक वेळी मी काहीतरी तपासत होते.

घड्याळात पाहिलं तर पावणेआठ. नंतरची धावपळ विचारू नका. खुर्ची ढकलत जवळजवळ पळाले. अब्बांची आंघोळ, इहराम, दोन रकात, टॅक्सी. हरमैनचं स्टेशन शहराच्या बाहेरच्या अंगाला, तिथे तपासणी, सरकते जिने. दरवाजे बंद व्हायला थोडीच मिनिटं होती. बॅगा आदल्या रात्री भरलेल्या नसत्या तर आमची गाडी नक्की चुकली असती, आणि मग ती सकाळ मला गोड आठवली असती का, शंकाच आहे. घरी आल्यावर ह्यांनी ऐकलं तेव्हा म्हणाले, "बघ, तूही माझ्यासारखी झालीस." मी म्हटलं, "नाही. तुम्ही असता तर आपण अजून मदिन्यात असतो."

गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात अब्बांनी नियत केली, लब्बैक सुरू झालं. ही लाइन २०१८ला सुरू झाली. मदिना, जेद्दा, मक्का, सुमारे ४५० किलोमीटर. तुर्कांचा जो टप्पा राहून गेला होता तो शंभरेक वर्षांनी पुरा झाला, वेगळ्याच रुळांवरून. वेग तीनशेला पोहोचला तरी पेल्यातलं पाणी हललं नाही. अब्बा खिडकीबाहेर वाळवंट बघत होते. मधेच दुआ थांबवून म्हणाले, "इथे कीमन कधी चालत असेल?"

उमरा नीट झाला, अल्हमदुलिल्लाह. तवाफ खुर्चीतून, सईसुद्धा. मक्क्यातल्या दिवसांसाठी मी वहीत फक्त गोळ्यांच्या वेळा ठेवल्या आणि परतीच्या विमानाची वेळ. एका संध्याकाळी अब्बा असर ते इशा एकाच जागी बसून काबाकडे बघत राहिले आणि मी त्यांना उठवलं नाही.

आल्यावर धरणावर जाऊ, असं मी मनात ठरवलं होतं. अब्बांना सांगितलं नव्हतं. पण पावसाळा आला तोच वाईट बातमी घेऊन. ३० जून २०२४ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, एक बाई आणि चार मुलं. आमच्या लोकलमध्ये त्या आठवड्यात दुसरं बोलणं नव्हतं. त्यांची चूक काढायला मी कोण? सुट्टीचा दिवस, पाऊस, पोरं खूश, कोणीही उतरलं असतं. मावळातली माणसं मात्र जाणतात की वर डोंगरात सर आली की खालचा ओढा पाच मिनिटांत रूप बदलतो. आपल्या मुलांना हे सांगा. निघायचं तर मनात येईल तेव्हा निघा, पण पाण्यात उतरायचं की नाही, हे घरून निघतानाच ठरलेलं असू द्या.

त्यामुळे जुलै तसाच गेला. ऑगस्टमध्ये एका रविवारी दुपारी मी माहेरी होते. वहिनी डाळ फोडणीला घालत होती. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, भातखाचरं हिरवीगार होती. मी उठले आणि भावाला म्हटलं, "गाडी काढ." वहिनी म्हणाली, "आत्ता? जेवण?" मी गॅस बंद केला. "तूही चल."

अब्बा काही बोलले नाहीत. आत गेले, त्यांची टोपी घातली, आणि दाराआड टांगलेली अम्मींची काळी छत्री काढून आणली. तिची एक काडी वाकलेली होती. रस्ता संपतो तिथे, पाण्यापासून बरंच लांब, आम्ही गाडी लावली. सांडव्यावरून पांढरं पाणी पडत होतं आणि त्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पुन्हा सर आली. अब्बांनी छत्री उघडली आणि पूर्ण डोक्यावर न धरता जरा डावीकडे कलती धरली, शेजारी कोणी उभं असल्यासारखी. उजवा खांदा भिजत होता. मी सांगायला पुढे झाले होते, मग थांबले आणि मागे जाऊन गाडीत बसले.